स्की शिकताय? अंग मागे टाकू नका, आणि या चुका टाळा

जुलैत ओल्या धुऱ्यावरून उतरताना आपण टाचा रोवतो आणि अंग मागे टाकतो. वावरात ते खपतं. हीच सवय घेऊन मी गुलमर्गच्या उतारावर उभा राहिलो आणि पहिले तीन दिवस पाठीवर आपटलो. या हिवाळ्यात आमच्या गावातले दोन पोट्टे शिकायला निघालेत. त्यांना जे सांगितलं, तेच इथे लिहितोय.

मागे रेलणं ही मूळ चूक. बाकीच्या बऱ्याचशा तिच्यातूनच निघतात. स्कीच्या, म्हणजे बुटाला अडकवलेल्या लांब पट्टीच्या, पुढच्या भागाने बर्फ धरला की वळण सुरू होतं. अंग मागे गेलं की तिथला भार उतरतो आणि स्की वळायचं सोडून सरळ खाली पळते. वेग वाढला की भीती वाढते, आणि भ्यालेला माणूस आणखी मागे जातो. पोटरी बुटाच्या मागच्या बाजूला टेकत असेल, थोड्याच वेळात मांड्या भरून येत असतील, तर तुम्ही मागे आहात हे नक्की समजा. नडगी बुटाच्या जिभेवर दाबलेली हवी. त्यासाठी घोटा वाकवा. नुसते गुडघे वाकवले तर बूड मागे जातं आणि खुर्चीत बसल्यासारखं होतं. हातांचे पंजे पुढे, चालताना नजरेच्या कडेला दिसतील असे ठेवा. हात मागे पडले की खांदे जातात आणि खांद्यांमागे सगळं अंग. नजर स्कीच्या टोकांवर नको, पुढच्या वळणावर हवी.

याची तयारी गावातच होते. तलावाच्या पाळीवर उताराकडे तोंड करून उभे राहा, टाचा जमिनीवरच ठेवा आणि नडग्या पुढे झुकवा. भार अख्ख्या तळव्यावर जाणवला पाहिजे. रोज दहा मिनिटं करा.

दुसरी चूक मोटारसायकलमुळे होते. गाडीवर आपण वळणाच्या आत झुकतो, म्हणून स्कीवरही अख्खं अंग आत, डोंगराकडे टाकतो. मग बाहेरची स्की सटकते. डावीकडे वळायचं तर भार उजव्या पायावर हवा. कापसाने भरलेली ट्रॉली जोरात वळली की बाहेरच्या चाकावर जोर येतो, तोच जोर इथे बाहेरच्या पायाने पेलायचा. पाय आत कलले तरी छाती बाहेरच्या स्कीवर राहू द्या. खांदे फिरवून वळायला जाऊ नका, वळण पायांनी घ्यायचं.

सुरुवातीला स्कीची टोकं जवळ आणि मागची बाजू फाकवून वेग आवरायला शिकवतात. टोकं एकमेकांवर चढत असतील तर बहुधा गुडघे आत दाबले जाताहेत. गुडघे मोकळे ठेवा आणि टाचा बाहेर ढकला. पुढे मात्र वेग वळणानेच मोडायचा: उताराला आडवे होईपर्यंत वळण पूर्ण करा.

थंडीच्या धास्तीने आपली माणसं दोन-तीन मोजे चढवतात. एकच पातळ, लांब मोजा घाला. जाड मोज्यात पाय आत हलतो, नडगीचा दाब स्कीपर्यंत पोचत नाही आणि रक्त अडून पाय उलट जास्त गारठतात. बुटांचं माप सेंटीमीटरमध्ये असतं, म्हणून पावलाची लांबी घरीच मोजून न्या. पँटची कड बुटात कोंबू नका, नडगी सोलून निघते.

गुलमर्ग सुमारे 2650 मीटरवर आहे. आपण सपाटीवरची माणसं, पहिला दिवस सावकाश घ्या. गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या रोपवेचा, दुसरा टप्पा अफरवट डोंगराच्या बाजूला 3900 मीटरच्या वर नेतो. तिथला उतार नवख्यांसाठी नाही, खालच्या सौम्य उतारांवरच वळणं पक्की करा.

पडलात तर घसरणं पूर्ण थांबेपर्यंत उठायची घाई करू नका. मागे पडून घसरत असताना उठायला गेलं की गुडघ्याची दोरी (लिगामेंट) तुटू शकते. थांबल्यावर दोन्ही स्की अंगाच्या खालच्या बाजूला, उताराला आडव्या आणा, कडा बर्फात रोवा आणि मग उठा.