जबड्याच्या सांध्याचे दुखणे आणि झोपेत दात खाण्याची सवय : घरी काय करावे आणि दंतवैद्याकडून काय करून घ्यावे

सकाळी उठल्यावर कानशिले जड वाटणे, कानासमोर ठणका लागणे, जेवताना जबडा लवकर थकणे, अशा तक्रारी घेऊन दंतवैद्याकडे गेलेल्या अनेकांना रात्री दातांवर बसवायचे गार्ड मिळते आणि उपचार तिथेच पूर्ण झाला असे ते धरून चालतात. गार्ड उपयोगी आहे, पण त्याचे मुख्य काम दात वाचवण्याचे आहे. सांधा आणि त्याभोवतीचे स्नायू यांचे दुखणे बहुतांशी दिवसाच्या सवयी बदलून आवाक्यात येते. हा फरक ध्यानात घेतला नाही, तर महिनोन्महिने गार्ड वापरूनही दुखणे तसेच का राहिले याचा उलगडा होत नाही. ब्रिटिश मेडिकल जर्नलने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांतही जबड्याच्या जुनाट दुखण्यासाठी व्यायाम, स्नायूंवरील हाताचे उपचार आणि वर्तनोपचार यांना अग्रक्रम दिला आहे.

कानाच्या छिद्रासमोर दोन्ही बाजूंना एकेक बोट ठेवून तोंड सावकाश उघडले आणि मिटले, तर बोटांखाली हाड हलताना जाणवते. तोच हा सांधा. तो बिजागरीसारखा फिरतो आणि तोंड अधिक उघडताना पुढेही सरकतो. खालच्या जबड्याचे टोक आणि कवटीची खोबण यांच्यामध्ये एक लवचिक चकती असते. ती जागेवरून किंचित सरकली की उघडझाप करताना आवाज येतो. नुसता आवाज येत असेल, दुखत नसेल आणि तोंड पूर्ण उघडत असेल, तर उपचाराची गरज नसते. हे मुद्दाम सांगावेसे वाटते, कारण आवाजाच्या भीतीने माणसे नको ते उपचार करून घेतात. स्वतःची तीन बोटे उभी जुळवून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये मावत असतील, तर तोंड पुरेसे उघडते आहे असे समजावे. मोजमापात हे अंतर साधारण ४० मिलिमीटर किंवा त्याहून थोडे अधिक भरते.

मात्र जबड्यातली प्रत्येक कळ सांध्याची नसते. श्रम केल्यावर जबड्यात दुखू लागले आणि सोबत छातीवर दडपण, घाम किंवा धाप असेल, तर तो हृदयविकाराचा झटका असू शकतो. अशा वेळी थेट रुग्णालय गाठावे. वयाची पन्नाशी उलटलेल्या व्यक्तीला चावताना जबडा भरून येत असेल, कानशिलाला हात लावला तरी दुखत असेल किंवा दृष्टीत अचानक फरक पडला असेल, तर रक्तवाहिनीच्या दाहाची शंका घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, कारण उशीर झाल्यास दृष्टी जाण्याचा धोका असतो. ताप, गालावर सूज, एकाच दाताचा ठणका किंवा विजेचा झटका बसल्यासारखी कळ यांची कारणेही निराळी असतात. उघडलेले तोंड मिटेनासे झाले, तर घरच्यांनी ओढाताण न करता सांधा डॉक्टरांकडूनच बसवून घ्यावा.

आता दिवसाच्या सवयींकडे वळू, कारण खरी मेख तिथेच आहे. चावणे आणि गिळणे सोडले, तर वरचे आणि खालचे दात एकमेकांना टेकण्याचे काहीच कारण नसते. पण संगणकावर काम करताना, वाहन चालवताना, जड वस्तू उचलताना किंवा मनात राग दाबून ठेवताना असंख्य लोक नकळत दात आवळून धरतात. जोर थोडाच असतो, पण तो तासन्‌तास टिकतो आणि गालातले व कानशिलावरचे स्नायू आंबून जातात. गालाच्या मागच्या भागावर, जबड्याच्या कोपऱ्यापाशी तळहात ठेवून दात क्षणभर आवळले की तिथला स्नायू टणक होऊन वर येतो. दिवसा मधूनच तिथे हात लावल्यावर तसाच टणकपणा जाणवला, तर सवय असल्याचे निश्चित समजावे.

ही सवय दटावून जात नाही, तिच्या जागी दुसरी बसवावी लागते. ओठ हलकेच मिटलेले, दातांमध्ये दोन-तीन मिलिमीटर फट आणि जिभेचा शेंडा वरच्या पुढच्या दातांच्या किंचित मागे टाळूला टेकलेला, ही जबड्याची विश्रांतीची स्थिती आहे. ती सापडत नसेल, तर ‘न’ हा उच्चार सावकाश करावा; जीभ आपोआप योग्य जागी जाते आणि दात सुटतात. संगणकाच्या कडेला, आरशावर, मोबाइलच्या आवरणावर एखादा रंगीत ठिपका चिकटवावा आणि तो दिसला की दात टेकले आहेत का ते पाहावे, टेकले असतील तर खांदे सैल सोडून एक लांब श्वास बाहेर टाकावा. हा उपाय इतका साधा आहे की लोक तो मनावर घेत नाहीत. माझ्या मते मात्र सगळ्या उपचारांत याच्याइतके मोल दुसऱ्या कशालाही नाही. नखे कुरतडणे, पेन चावणे, फोन खांद्यात दाबून बोलणे, हनुवटी हातावर टेकून बसणे हेही सोडावे.

दुखणे उफाळले असेल, तेव्हा एक-दोन आठवडे मऊ आहार घ्यावा, घास लहान करावेत आणि दोन्ही बाजूंनी चावावे. च्युइंग गम, बर्फ आणि चिवट किंवा फार कडक पदार्थ टाळावेत. जांभई आली की जीभ टाळूला टेकवून हनुवटीखाली मूठ धरावी, म्हणजे जबडा मर्यादेबाहेर उघडत नाही. कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या कापडाने दिवसातून दोन-तीन वेळा पंधरा-वीस मिनिटे शेकावे. नुकताच मार लागला असेल, तर आधी कापडात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटे लावावा. दाह कमी करणाऱ्या वेदनाशामक गोळ्या थोडे दिवस घेता येतात, पण जठरव्रण, मूत्रपिंडाचा विकार, रक्त पातळ ठेवणारी औषधे किंवा गर्भारपण असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊ नयेत.

ठणका ओसरू लागला की व्यायाम सुरू करावा. आरशासमोर बसून, जिभेचा शेंडा टाळूला टेकलेला ठेवून तोंड सरळ रेषेत, हनुवटी बाजूला न जाऊ देता, जेवढे सुखाने उघडेल तेवढेच सहा वेळा उघडावे आणि मिटावे. असे दिवसातून काही वेळा करावे. मग बोटांच्या टोकांनी गालातल्या आणि कानशिलावरच्या स्नायूंना गोलाकार हलका दाब देत एक-दोन मिनिटे मालिश करावी. कळ वाढत असेल, तर तिथेच थांबावे. काही आठवड्यांत उतार पडला नाही किंवा तोंड कमी उघडू लागले, तर फिजिओथेरपिस्ट आणि दंतवैद्य या दोघांची मदत घ्यावी.

झोपेतले दात खाणे हे निराळे प्रकरण आहे, कारण तिथे इच्छाशक्ती चालत नाही. ते मेंदूच्या क्षणिक जागृतीशी निगडित असते. संध्याकाळनंतरची कॉफी, मद्य आणि धूम्रपान यांचा त्याच्याशी संबंध आढळतो. नैराश्य किंवा चिंतेसाठी दिल्या जाणाऱ्या एसएसआरआय गटातील गोळ्यांमुळेही ते काहींना सुरू होते. अशी गोळी आपल्या मनाने बंद करू नये, ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांना सांगावे. मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडणे आणि दिवसा पेंग येणे ही लक्षणे असतील, तर गार्ड बनवण्याआधी झोपेची तपासणी करून घ्यावी, कारण वरच्या दातांवरच्या गार्डमुळे काही रुग्णांत श्वासाचा अडथळा वाढू शकतो. लहान मुलांमध्ये ही सवय बहुधा वयाबरोबर आपोआप सुटते.

दातांवरचे कवच शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ असले, तरी एकदा झिजले की पुन्हा तयार होत नाही. सुळ्यांची टोके सपाट होणे, पुढच्या दातांच्या कडांचे कपचे उडणे, भरलेली दाढ वारंवार फुटणे, गार पाण्याने दात शिवशिवणे, या खुणा दिसल्यावर दंतवैद्याकडून माप घेऊन कडक अ‍ॅक्रिलिकचे, एका जबड्याचे सगळे दात झाकणारे गार्ड बनवून घ्यावे. गरम पाण्यात मऊ करून चावून बसवायचे तयार गार्ड तात्पुरते चालते, पण ते लवकर झिजते आणि काहीजण ते अधिकच चावू लागतात. मोजकेच दात झाकणारे गार्ड दीर्घकाळ वापरल्यास उरलेले दात सरकून चावा, म्हणजे वरचे आणि खालचे दात एकमेकांवर जुळण्याची ठेवण, बिघडू शकतो.

चावा सारखा करण्यासाठी दात घासून कमी करणे, केवळ सांध्याच्या दुखण्यासाठी अनेक दातांवर कॅप बसवणे किंवा थेट शस्त्रक्रिया, असे परत फिरवता न येणारे उपचार कोणी सुरुवातीलाच सुचवले, तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत जरूर घ्यावे. जेम्स कॉस्टन या अमेरिकन डॉक्टरांनी १९३४ साली या दुखण्याचा संबंध चाव्याशी जोडला आणि पुढे कित्येक दशके त्याच समजुतीवर उपचार होत राहिले. आज चावा हे त्याचे मुख्य कारण मानले जात नाही. बोटॉक्सचे इंजेक्शन स्नायूचा जोर कमी करते, पण परिणाम साधारण तीन-चार महिन्यांत ओसरतो, म्हणून तो पहिला उपाय नव्हे.

गार्ड रोज सकाळी गार पाण्याखाली मऊ ब्रशने घासावे. टूथपेस्टने त्यावर ओरखडे पडतात आणि उकळत्या पाण्याने ते वाकडे होते. कोरडे करून हवा खेळती राहील अशा डबीत ठेवावे. सकाळी गार्ड काढल्यावर दात नेहमीसारखे जुळायला बराच वेळ लागत असेल किंवा नवी कळ सुरू झाली असेल, तर वापर थांबवून दाखवायला न्यावे. दंतवैद्याच्या प्रत्येक नियमित तपासणीला ते सोबत असावे. त्यावर उमटलेल्या घासल्याच्या खुणांवरून जोर कोणत्या बाजूला पडतो ते कळते, आणि भोक पडले किंवा तडा गेला असेल तर तेव्हाच नवे माप देता येते.