इटालियन गाण्यांतून शब्द शिकताय? या चुका टाळा

गाण्यामुळे शब्द पटकन पाठ होतात, पण बोलताना वापरले की समोरचा गोंधळतो. बहुतेकदा कारण एकच असतं: गाण्यातला शब्द जसाच्या तसा वहीत उतरवलेला असतो.

‘बेल्ला चाओ’ घ्या. ‘ओ त्रोव्हातो लिन्व्हाझोर’मधला शेवटचा शब्द शब्दकोशात सापडणार नाही. मूळ शब्द ‘इन्व्हाझोरे’, म्हणजे आक्रमक. सुरुवातीचा ‘ल’ हे चिकटलेलं उपपद (नामाआधी येणारा, इंग्रजीतल्या ‘द’सारखा शब्द) आणि शेवटचा स्वर चालीसाठी गाळलेला. त्याच गाण्यात ‘मोरीरे’चं (मरणे) ‘मोरीर’ झालंय. म्हणून आधी पूर्ण रूप शोधा आणि नाम उपपदासकट लिहा: इल मारे (समुद्र, पुल्लिंगी), ला नोत्ते (रात्र, स्त्रीलिंगी). मराठीवरून लिंगाचा अंदाज बांधू नका. आपलं फूल नपुंसकलिंगी, त्यांचं ‘फिओरे’ पुल्लिंगी. क्रियापदात मात्र मराठी कामाला येते. गाण्यातला पुरुष ‘झ्वेल्यातो’ म्हणतो, बाई ‘झ्वेल्याता’ म्हणेल. आपलं ‘मी उठलो’, ‘मी उठले’ तसंच.

दुसरी मोठी चूक म्हणजे ‘ओ सोले मियो’वरून इटालियन शिकणं. १८९८ चं हे गाणं नेपल्सच्या बोलीतलं आहे. त्यातलं ‘ना युर्नाता ए सोले’ (उन्हाचा दिवस) प्रमाण इटालियनमध्ये ‘उना जोर्नाता दि सोले’ होतं. गाणं अप्रतिम आहे, जरूर ऐका. शब्द मात्र वेगळ्या पानावर लिहा. ऑपेराचंही तेच. ‘आल्मा’, ‘स्पेमे’ हे जुने काव्यातले शब्द. आज ‘आनिमा’ (आत्मा) आणि ‘स्पेरांत्सा’ (आशा) म्हणतात.

प्रेमगीतांतलं ‘ति आमो’ (माझं तुझ्यावर प्रेम आहे) प्रियकर-प्रेयसीसाठी, नवरा-बायकोसाठी. आईला किंवा मित्राला ‘ति व्होल्यो बेने’ म्हणा.

लांबवलेल्या सुरात जोडाक्षरं निसटतात. ‘नोनो’ म्हणजे नववा, ‘नोन्नो’ म्हणजे आजोबा. ‘कला’ आणि ‘कल्ला’ यांतला फरक आपल्या कानाला कळतो, तेव्हा ओळ एकदा चाल न लावता, गद्यासारखी वाचा.

शब्द आठवायला गाणं पहिल्यापासून म्हणावं लागत असेल, तर त्याच शब्दाचं घरगुती वाक्य करा: ‘ओ त्रोव्हातो उन लिब्रो’, मला पुस्तक सापडलं. ‘ओ त्रोव्हातो ले क्याव्ही’, मला किल्ल्या सापडल्या. इथे मराठीच्या सवयीने ‘त्रोव्हातो’ला अनेकवचनी करायचा मोह होईल, पण ते ‘त्रोव्हातो’च राहतं.