पाच स्पीकर आणि एक खुर्ची : 'द डार्क साइड ऑफ द मून' मुंबईच्या घरातल्या हॉलमध्ये सराउंडमध्ये कसा ऐकावा

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा 'द डार्क साइड ऑफ द मून' मार्च १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी त्याची चार स्पीकरांसाठीची क्वाड्राफोनिक आवृत्तीही एलपीवर आली. ती आवृत्ती अ‍ॅलन पार्सन्स या ध्वनिअभियंत्याने तयार केली होती. श्रोत्याच्या चहूबाजूंनी आवाज येण्याची कल्पना या अल्बमला मागाहून चिकटवलेली नाही, ती त्याच्या जन्मापासूनच त्याच्यासोबत आहे. म्हणूनच सराउंड संगीत पहिल्यांदा नीट बसून ऐकायचे असेल, तर सुरुवात याच अल्बमने करावी असे माझे मत आहे. एरवी गाण्यांना पाच स्पीकर पुरवले की ती केवळ मोठी होतात; येथे मात्र घड्याळे, पावले, नाण्यांचा खणखणाट आणि मध्येच बोलणारी माणसे असे कितीतरी आवाज आहेत, ज्यांना खोलीत स्वतःची जागा हवी असते.

डिस्क विकत घेण्यापूर्वी एक फरक ध्यानात घ्यावा. रीमास्टर करताना आधीच तयार असलेल्या दोन चॅनेलच्या मिश्रणावर शेवटचा हात फिरवला जातो, म्हणजे आवाजाची पातळी, खर्ज आणि टीप यांचा तोल सुधारला जातो. सराउंड आवृत्तीसाठी मात्र वाद्ये वेगवेगळ्या ट्रॅकवर असलेल्या मूळ मल्टिट्रॅक टेपपर्यंत मागे जावे लागते आणि प्रत्येक वाद्य कोठे बसवायचे, हे नव्याने ठरवावे लागते. हा अल्बम १९७२ च्या मध्यापासून १९७३ च्या सुरुवातीपर्यंत लंडनच्या अ‍ॅबी रोड येथील ईएमआय स्टुडिओत सोळा ट्रॅकच्या टेपवर ध्वनिमुद्रित झाला. त्याचे ५.१, म्हणजे पाच स्पीकर आणि खर्जासाठीचा एक सबवूफर यांच्यासाठीचे, मिश्रण ध्वनिअभियंते जेम्स गथ्री यांनी केले आणि ते २००३ मध्ये सुपर ऑडिओ सीडीवर प्रसिद्ध झाले. २०११ च्या मोठ्या संचातील ब्लू-रेवर हे ५.१ मिश्रण आणि पार्सन्स यांचे जुने क्वाड मिश्रण अशी दोन्ही मिळतात, तर अल्बमला पन्नास वर्षे झाली तेव्हा, २०२३ मध्ये, गथ्री यांचेच, छताजवळच्या स्पीकरांचाही वापर करणारे, डॉल्बी अ‍ॅटमॉस मिश्रण आले. एकच आवृत्ती घ्यायची असेल तर मी २०११ चा ब्लू-रे सुचवेन, कारण एकाच ध्वनिमुद्रणाचे दोन वेगळे अर्थ त्यात शेजारी शेजारी ऐकता येतात.

काळा घोड्याचे संगीताचे दुकान 'ऱ्हिदम हाउस' २०१६ मध्ये बंद झाल्यापासून मुंबईत अशी डिस्क दुकानात जाऊन, हाताळून घेण्याची सोय जवळजवळ उरलेली नाही, त्यामुळे बहुतेकांना ती परदेशातून मागवावी लागते. डिस्क कोणत्या प्रदेशातल्या प्लेअरवर वाजेल हे ठरवणाऱ्या ब्लू-रेच्या विभागणीत भारत 'सी' विभागात येतो; संगीताच्या पुष्कळ डिस्कना विभागाचे बंधन नसते, तरी विक्रेत्याला तसे विचारून घ्यावे. सुपर ऑडिओ सीडीला हे बंधन नाही, परंतु तिची अडचण निराळीच आहे. २००३ ची डिस्क संकरित आहे, म्हणजे एकाच तबकडीत साध्या सीडीचा थर आणि उच्च प्रतीचा थर असे दोन थर आहेत आणि ५.१ मिश्रण दुसऱ्या थरात आहे. साधा सीडी प्लेअर किंवा संगणकाचा ड्राइव्ह फक्त पहिला थर वाचतो. डिस्क सुरळीत वाजते, संगीतही छान येते, आणि ऐकणाऱ्याला आपण केवळ स्टिरिओ ऐकत आहोत याचा पत्ताच लागत नाही.

हीच फसगत तारेच्या बाबतीतही होऊ शकते. प्लेअर आणि रिसीव्हर, म्हणजे स्पीकरांना आवाज पुरवणारे यंत्र, एचडीएमआय केबलनेच जोडावेत. ऑप्टिकल केबलमधून सुपर ऑडिओ सीडीचा उच्च प्रतीचा आवाज जात नाही आणि ब्लू-रेवरील काहीही न गाळलेला मल्टिचॅनेल ध्वनीही जात नाही. फार तर त्याची संपीडित आवृत्ती पोहोचते. जुन्या प्लेअरच्या मागे सहा अ‍ॅनालॉग पिना असतील तर त्याही चालतात, मात्र तेव्हा खर्जाची विभागणी आणि स्पीकरची अंतरे सहसा प्लेअरच्याच मेनूत भरावी लागतात. जोडणी झाल्यावर रिसीव्हरच्या पडद्यावर 'मल्टिचॅनेल' किंवा त्या अर्थाचे चिन्ह उमटते की नाही हे पाहावे, आणि स्टिरिओचा आवाज सगळ्या स्पीकरांवर पसरवणाऱ्या, सभागृहाचा आभास निर्माण करणाऱ्या किंवा रात्रीसाठी आवाज दाबणाऱ्या सर्व सोयी बंद कराव्यात. सिनेमासाठी त्या उपयोगी असतील, पण मिश्रणकाराने तोलून ठेवलेल्या ध्वनीवर आणखी संस्कार करण्याचे काही कारण नाही.

आता मुख्य काम. बहुतेक लोक स्पीकर जेथे मावतील तेथे लावतात आणि मग बसायची जागा शोधतात. हा क्रम उलटा करावा. आधी एक खुर्ची ठरवावी, तिच्यावर बसलेल्या माणसाच्या कानाची उंची मापावी, ती साधारण एक मीटर भरते, आणि त्या बिंदूपासून सगळी मापे घ्यावीत. मधला स्पीकर अगदी समोर, डावा व उजवा त्याच्या दोन्ही बाजूंना प्रत्येकी तीस अंशांवर, आणि मागचे दोन समोरच्या रेषेपासून सुमारे एकशे दहा अंशांवर, म्हणजे कानांच्या रेषेच्या किंचित मागे, अशी प्रमाणित मांडणी आहे. तत्त्वतः पाचही स्पीकर खुर्चीपासून सारख्या अंतरावर असावेत, पण दहा बाय बाराच्या हॉलमध्ये ते जमत नाही आणि त्याची खंतही बाळगू नये. अंतराची भरपाई रिसीव्हर करू शकतो. कोनाची भरपाई मात्र कोणीच करत नाही.

मुंबईच्या घरात सोफा भिंतीला टेकलेला असतो, हा या सगळ्यातला खरा अडसर आहे. डोके भिंतीला लागले की मागचे स्पीकर मागे राहतच नाहीत, शिवाय भिंतीजवळ खर्ज फुगतो. सोफा कायमचा हलवणे शक्य नसेल तर त्याचा नाद सोडावा आणि ऐकण्यापुरती एक हलकी खुर्ची भिंतीपासून दोन-अडीच फूट पुढे ओढावी. अल्बम सुमारे त्रेचाळीस मिनिटांचा आहे. तेवढ्या वेळासाठी हॉलची रचना बदलली म्हणून घरातली मंडळी सहसा तक्रार करत नाहीत. मागचे स्पीकर शोकेसच्या डोक्यावर, छताला लागून ठेवण्याचा मोह मात्र टाळावा. अ‍ॅटमॉसमध्ये छताजवळचे वेगळे स्पीकर असतात, पण ५.१ मधले मागचे स्पीकर कानाच्या उंचीवर किंवा त्याहून थोडेसेच वर हवेत, आणि त्यासाठी दोन स्टँड किंवा चक्क दोन स्टुलेही पुरतात. लॅमिंग्टन रोडवर तांब्याची स्पीकर वायर मीटरवर मिळते. एवढ्या लहान खोलीसाठी १.५ चौरस मिलिमीटर जाडीची वायर पुरेशी असते आणि केसिंगच्या पट्टीतून भिंतीच्या कडेने नेली तर ती पायात येत नाही. प्रत्येक वायरचे लाल टोक दोन्हीकडे लालमध्येच जाईल, याची मात्र दोनदा खात्री करावी. एक जरी स्पीकर उलटा जोडला गेला तर खर्ज पातळ होतो आणि आवाजाची जागा डोळे मिटून सांगता येत नाही.

यानंतर टेपने खुर्चीपासून प्रत्येक स्पीकरचे अंतर मोजून रिसीव्हरमध्ये भरावे. मुंबईच्या उबदार हवेत ध्वनी एका मिलिसेकंदात जवळपास पस्तीस सेंटिमीटर जातो. पुढचा स्पीकर दोन मीटरवर आणि मागचा सव्वा मीटरवर असेल, तर मागचा आवाज दोन मिलिसेकंदांहून अधिक आधी पोहोचतो, आणि कान नेमका आधी आलेल्या आवाजाकडे वळतो. मग पातळी. रिसीव्हरचा चाचणी-ध्वनी लावून, खुर्चीवर कानाच्या उंचीला ध्वनिमापक धरून, प्रत्येक स्पीकर ७५ डेसिबलला आणावा. फोनमधले अ‍ॅप तंतोतंत आकडा दाखवत नाही, पण येथे पाच मुख्य स्पीकर एकमेकांशी जुळणे महत्त्वाचे असल्यामुळे ते चालून जाते. मैफलीआधी तंबोरे जुळवण्याइतकेच हे आवश्यक आहे आणि वेळही साधारण तितकाच लागतो. रिसीव्हरबरोबर आलेल्या मायक्रोफोनने हे काम आपोआप करून घेता येते, परंतु त्यानंतर मेनू उघडून पाहावा, कारण ही यंत्रणा लहान स्पीकरांनाही पुष्कळदा 'मोठे' ठरवून त्यांच्यावर खर्जाचा भार टाकते. त्यांना 'लहान' करून ८० हर्ट्झखालचा खर्ज सबवूफरकडे पाठवावा.

सबवूफरबद्दल थोडे अधिक लिहिणे भाग आहे. दहा फूट रुंद आणि बारा फूट लांब खोलीत सुमारे ५७ आणि ४८ हर्ट्झचे सूर भिंतींमध्ये घुमतात, त्यामुळे बास गिटारचा एखादा स्वर अंगावर येतो आणि शेजारचा स्वर हरवतो. यावर जुना आणि फुकटचा उपाय आहे. सबवूफर उचलून खुर्चीवर ठेवावा, त्यातून बासची एखादी ओळ पुन्हा पुन्हा वाजवावी आणि स्वतः जमिनीलगत वाकून खोलीभर फिरावे. जेथे सगळे स्वर सारखे ऐकू येतात, तेथे सबवूफरची जागा. हे करताना स्टीलचे कपाट, स्लाइडिंग खिडकीची काच आणि देवघराची झडप यांपैकी काय खडखडते तेही कळते आणि कागदाची घडी सारून ते बंद करता येते. खालच्या मजल्यावरच्यांचा विचारही येथेच करावा. खर्ज स्लॅबमधून उतरतो आणि खाली गाणे ऐकू न जाता नुसती धडधड पोहोचते, तीही या अल्बमच्या पहिल्याच क्षणापासून, कारण त्याचा आरंभ हृदयाच्या ठोक्यांनी होतो. सबवूफरखाली जाड रबराची चटई किंवा दाट फोम घालावा. निवासी भागासाठी नियमांनी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे व रात्र दहाला सुरू होते. सोसायटीतला सलोखा मात्र त्याहूनही नाजूक असतो, म्हणून अल्बम दहाच्या आत संपेल असा लावावा.

वेळेची निवड एवढ्यापुरतीच नाही. ते ठोके शांततेतून हळूहळू वर येतात आणि शेवटी शांततेतच विरतात, आणि पंखा चालू असेल तर ही दोन्ही टोके कापली जातात. मे महिन्यात पंख्याविना बसणे हा छळ आहे. एसीने खोली आधी गार करून तो बंद करावा, किंवा हा कार्यक्रम सरळ जानेवारीवर ढकलावा. पावसाळ्यात वेदर शेडच्या पत्र्यावर सरी वाजत असतील तर त्या दिवशी दुसरे काही ऐकावे. रविवारची सकाळ भंगारवाला आणि कुकरच्या शिट्ट्या यांच्यामुळे बाद होते. रेल्वेलगतच्या इमारतीत गाड्यांचा आवाज टाळता येत नाही, पण खिडक्या बंद करून जाड पडदे ओढले आणि उघड्या लादीवर सतरंजी अंथरली, की निदान खोलीतला स्वतःचा ठणठणाट तरी कमी होतो.

पहिल्या वेळी काहीही न शोधता, अल्बम अखंड ऐकावा. गाणी एकमेकांत मिसळत जातात. 'द ग्रेट गिग इन द स्काय' संपल्यावर एलपीची बाजू बदलत असे, तेवढीच काय ती मूळची विश्रांती. दुसऱ्या वेळी लक्ष देऊन ऐकावे. 'ऑन द रन'मध्ये सिंथेसायझरची धावती आकृती कोठून निघून कोठे जाते आणि पावलांचा आवाज तिच्या बरोबर जातो की विरुद्ध दिशेने, ते पाहावे. 'टाइम'च्या सुरुवातीची घड्याळे पार्सन्स यांनी एका जुन्या घड्याळांच्या दुकानात एकेक करून ध्वनिमुद्रित केली होती, आणि तीही क्वाड्राफोनिक ध्वनीच्या प्रात्यक्षिकासाठी, अल्बमसाठी नव्हे. त्यामुळे आपली मांडणी बरोबर झाली आहे की नाही, याची याहून चांगली परीक्षा नाही. प्रत्येक घड्याळाला स्वतःची जागा मिळाली पाहिजे. सगळी एकाच कोपऱ्यात गोळा झाली तर पातळी पुन्हा मोजावी. 'मनी'मधला गल्ल्याचा आणि नाण्यांचा फेरा सात मात्रांचा आहे. तो खोलीत कसा फिरतो हे बोटाने दाखवत ऐकावे. 'अस अँड देम'मध्ये गायलेल्या शब्दाचे प्रतिध्वनी कोठे कोठे उमटतात, हे टिपावे. 'द ग्रेट गिग इन द स्काय'मधला गायिका क्लेअर टोरी यांचा शब्दांवाचूनचा आलाप मात्र मी कधीच तपासत बसत नाही. तो ऐकताना स्पीकर मोजणे मला करंटेपणाचे वाटते.

एक प्रयोग मिश्रणकाराचे मन समजण्यासाठी करावा : एखादे गाणे मधला स्पीकर बंद करून, मग फक्त मागचे दोन चालू ठेवून ऐकावे. कोणता आवाज नाहीसा झाला आणि कोणता एकटा उरला, हे कळले की गथ्री यांनी कशावर भर दिला आहे ते उघड होते. नंतर त्याच गाण्याचे क्वाड मिश्रण लावावे. त्यात मधला स्पीकर नाहीच, आणि १९७३ चे ते मिश्रण चार कोपऱ्यांच्या चौकोनासाठी केलेले असल्यामुळे, शक्य असल्यास, मागचे स्पीकर त्या वेळेपुरते आणखी मागे सरकवावेत.

अ‍ॅटमॉसची आवृत्ती आता स्ट्रीमिंगवरही ऐकता येते, पण ती ब्लू-रेवरच्या ध्वनीपेक्षा संपीडित असते, आणि हेडफोनवर ऐकलेले अ‍ॅटमॉस म्हणजे दोन कानांसाठी गणिताने रचलेला आभास असतो. लोकलमध्ये तो जरूर ऐकावा. त्यावरून अल्बमच्या सराउंड मिश्रणाबद्दल मत मात्र बनवू नये. तुलना करायचीच असेल तर ती मूळ स्टिरिओशी करावी आणि दोन्हींचा आवाज खुर्चीवरच्या मापकाने सारखा करून घ्यावा, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच अधिक चांगला वाटतो. ऐकून झाल्यावर डिस्क प्लेअरमध्ये ठेवू नये. तिच्या डबीसह ती सिलिका जेलची पुडी घातलेल्या बंद डब्यात ठेवावी आणि जुलै ते सप्टेंबर ती पुडी अधूनमधून बदलावी.