खूर कललं की सांधा दबतो: घोड्याचे पुढचे पाय कसे तपासाल?

घोडा नुसता उभा असला तरी अंगाचं साधारण ६० टक्के वजन पुढच्या दोन पायांवर असतं. भरधाव पळताना एकेका पुढच्या पायावर क्षणभर वजनाच्या सुमारे अडीचपट भार येतो; ४०० किलोच्या घोड्यात तो एक टन झाला. हा भार झेलायला सांध्यात कूर्चेचा, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणाचा, जेमतेम मिलिमीटरभर थर असतो. तिला रक्तवाहिन्या नाहीत. दाब पडला-सुटला की सांध्यातलं वंगण आत-बाहेर होतं, त्यावरच ती जगते. म्हणून रोजची चाल हवीच. पण दाब सारखा एकाच कडेला आला तर ती झिजते, आणि झिजलेली कूर्चा पूर्ववत होत नाही.

दोष बहुतेकदा खुरात सापडतो. एक बाजू उंच राहिली की खुरातल्या सांध्याची फट त्याच बाजूला अरुंद होते.

कडक, सपाट जागी कुणाला तरी घोडा सरळ तुमच्याकडे चालवत आणायला सांगा. जमिनीलगत बसून मोबाइलवर स्लो मोशनमध्ये टाप टिपा. बाहेरची कड किंचित आधी टेकणं बऱ्याच घोड्यांत दिसतं, त्याची काळजी नको. एक कड स्पष्ट आधी आपटून दुसरी मागून पडत असेल तर पाय उचला. नळी (गुडघ्याखालचं लांब हाड) धरून खूर सैल लोंबू द्या आणि टाचेकडून तळवा पाहा: दोन्ही टाचा एका पातळीत आहेत का? केसांची कड एका बाजूला वर ढकललेली, जुना नाल एकाच बाजूला घासलेला, ही खूर असमान असल्याचीच खूण.

नालबंदाला उंच बाजू एका खेपेत २-३ मिलिमीटरच घासायला सांगा. प्रौढ घोड्याचा जन्मजात वाकडा पाय घासून ‘सरळ’ करू देऊ नका. हाडं सरळ होत नाहीत, दाब फक्त दुसऱ्या कडेला जातो.

नाल ४ ते ६ आठवड्यांनी बदला. टाच नालावर घासून झिजते, पुढचा भाग मात्र लांबत राहतो, आणि पाय उचलताना शिरांवर (रक्तवाहिन्या नव्हे, पायामागच्या दोरीसारख्या कंडरांवर) ताण वाढतो. टाचेखाली पाचर घालण्याचा मोह होतो. त्याने मागच्या शिरेला आराम मिळतो, पण खुरातल्या सांध्यातला दाब वाढतो. पशुवैद्यकांशिवाय ती नकोच.

कामानंतर नळीच्या तळाशी, मागच्या बाजूला हाड आणि शीर यांच्यामध्ये अंगठा दाबा. दुसऱ्या पायापेक्षा तिथे फुगवटा किंवा ऊब जास्त लागली तर स्वारी थांबवा. एक्स-रे काढताना दोन्ही पायांवर सारखं वजन आणि मान सरळ ठेवा, नाहीतर फट खोटीच तिरकी दिसते.