नदीकाठी पोरं नेण्याआधी

कॉलेजची पोरं घेऊन पुण्यात मुठेच्या काठी कचरा वेचायला जायचं ठरलं की पहिल्यांदा बॅनर छापायला जातो. तो शेवटी करा, नाही केलात तरी चालेल. आधी पोरांना बोलवा आणि काठाचा कुठला तुकडा घ्यायचा ते त्यांनाच ठरवू द्या. तुकडा छोटाच बरा, समजा म्हात्रे पूल ते लकडी पूल, म्हणजे महिन्याच्या महिन्याला तिथंच परत जाता येतं. राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला १२० तास भरावे लागतात. ते दहा ठिकाणी फोटो काढण्यात घालवण्यापेक्षा एका जागी लागले तर पोरांना तो काठ आपला वाटू लागतो.

पावसाळ्यात जाणार असाल तर खडकवासला धरणातून किती क्युसेक पाणी सोडलंय ते आदल्या रात्री आणि निघताना पुन्हा बघा. भिडे पूल पाण्याखाली गेला की कार्यक्रम रद्द, त्यावर चर्चा नको. खरं तर दिवाळीनंतरच जावं. पाणी उतरलेलं असतं आणि पुरात वाहून आलेल्या पिशव्या फांद्यांना लटकत असतात. पाणी कुठवर चढलं होतं ते पोरं त्यावरूनच ओळखतात.

जाड रबरी हातमोजे, गमबूट, गोणी, चिमटे, लटकवायचा वजनकाटा आणि प्रथमोपचाराची पेटी घ्या. अठराच्या आतल्यांच्या पालकांची लेखी परवानगी हवी. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय ते प्रत्येकाला विचारा. पाण्यात कुणीही उतरायचं नाही, त्यात सांडपाणी असतं. नाश्त्याचे पोहे घरच्या डब्यातून. थर्माकोलच्या ताटल्या वाटल्यात तर पोरं तोंडावर हसतील, आणि बरोबरच आहे त्यांचं.

वेचलेला माल कुठं जाणार हे ठरल्याशिवाय एकही गोणी भरू नका. त्या भागातल्या कचरावेचक ताईंना आधी भेटा. 'स्वच्छ' ही पुण्यातल्या कचरावेचकांचीच सहकारी संस्था आहे. ताईंना मानधन देऊन अर्धा तास शिकवायला बोलवा. दुधाची पिशवी भंगारात जाते, शांपूची चकचकीत पुडी कुणी घेत नाही, हे त्या हातात धरून दाखवतात. मग विकणारं आणि न विकणारं असे वेगळे ढीग करून वजन वहीत लिहायचं.

त्याच वहीत सांडपाण्याचा पाइप कुठं नदीत सुटतो तेही टिपा, फोटोसकट. महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात त्याबद्दलचा अर्ज पोरांनीच लिहावा, सही त्यांची, पोचही त्यांनीच घ्यावी. आपण मागच्या बाकावर बसायचं. हे भल्याभल्यांना जमत नाही. उत्तर आलं नाही तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहेच: दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत.

परीक्षा आल्या की कुणी हाताशी लागत नाही, म्हणून वही आणि पोच कुणाकडे राहणार ते आत्ताच ठरवा. शक्यतो पहिल्या वर्षाच्या दोघांकडे द्या, तिसऱ्या वर्षाची मंडळी उन्हाळ्यात कॉलेज सोडतात.