क्रुसाची वाट घरीच करायची असेल तर

उपवासकाळ, म्हणजे ईस्टरआधीचे चाळीस दिवस, लागला की दर शुक्रवारी चर्चमधी क्रुसाची वाट, म्हणजे येशूच्या शेवटच्या वाटेवरच्या १४ प्रसंगांपुढं, १४ स्थानांपुढं, थांबत करायची प्रार्थना, पण आमच्या इकडं खेड्यात चर्च लांब, त्यात मार्चचं ऊन अन् ज्वारीची काढणी चालू, मग जाणं होतच नाही बगा. तर घरीच करा. त्या प्रसंगांचे फोटो पाहिजेतच असं काही नाही, मुळात लागतात ते १४ क्रूस, म्हणून अंगणाच्या भिंतीवर खडूनं १४ क्रूस काढले तरी चालतंय.

खरी गोष्ट म्हणजे चालायचं. एका जागी बसून १४ स्थानं भराभर वाचली की ते नुसतं वाचन होतं. एका क्रुसापासून दुसऱ्यापर्यंत चार पावलं टाका, गुडघे टेका, मिनिटभर गप्प राहा, मगच पुढं. येशू तीनदा पडतो, ३, ७ आणि ९ व्या स्थानाला, तिथं मी मुद्दाम जास्त थांबतो, बाकीच्या ठिकाणी कमी झालं तरी मनाला लावून घेत नाही. पाचव्याला शिमोन येतो, शेतावरून येत असताना येशूचा क्रूस उचलायला धरून आणलेला माणूस, आपल्याकडच्यांना तो लगेच कळतो!

वाळूजला कंपनीत शिफ्टमधी काम करणाऱ्यांनी रोज एकच स्थान घ्यावं, दोन आठवड्यात एक वाट पुरी.

अन् घरातल्या म्हाताऱ्या माणसाला उठवतच नसेल तर जबरदस्ती नको, अर्धा तास येशूच्या दुःखसहनाचं वाचन अन् मनन केलं तरी चर्चला चालतं. आमच्या आजीला मीच बायबलातला मार्कचा १५ वा अध्याय वाचून दाखवतो, ती मधीच झोपते ते सोडा.