जुन्या जॅझची संकलित तबकडी: निवडावी कशी, ऐकावी कशी

कृष्णवर्णीय अमेरिकन कलावंतांनी १९२० ते १९४५ या काळात वाजवलेला जॅझ मुळात लाँग प्ले तबकडीसाठी, म्हणजे एका बाजूवर वीसेक मिनिटे मावणाऱ्या विनाइलच्या तबकडीसाठी, जवळजवळ ध्वनिमुद्रित झालेलाच नाही. तो बहुतांशी दहा इंची, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या तबकड्यांवर निघाला आणि त्यांच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांचे संगीत मावत असे. कोलंबिया कंपनीने लाँग प्ले बाजारात आणली ती जून १९४८ मध्ये. त्यामुळे या काळातील जॅझची आज हाती येणारी जवळजवळ कोणतीही लाँग प्ले हे संकलनच असते. त्यातील तुकडे कोणीतरी निवडलेले असतात आणि जुन्या तबकडीवरून किंवा साच्यावरून कोणीतरी नव्याने उतरवून घेतलेले असतात. संगीत थोर आहे हे गृहीत धरूनही, ही दोन कामे कोणी आणि किती निगुतीने केली आहेत यावर आपले पैसे सार्थकी लागणार की नाही हे ठरते. म्हणून वेष्टणाच्या दर्शनी बाजूवरील कर्णेवाल्याच्या छायाचित्रावर न भुलता प्रथम मागची बाजू वाचावी.

तेथे प्रत्येक तुकड्यासमोर ध्वनिमुद्रणाची तारीख, शहर आणि वादकांची नावे असली पाहिजेत. ही माहिती नसेल, तर तबकडी स्वस्त असली तरी मी ती जागेवर परत ठेवतो. त्या काळी तबकडीवरील गोल कागदावर बहुधा म्होरक्याचे नाव तेवढे छापले जाई आणि बाकीचे वादक निनावी राहत. बिली हॉलिडे यांचे १९३५ मधील गाणे ‘टेडी विल्सन आणि त्यांचा वाद्यवृंद’ या नावाने निघाले आणि गायिकेचा उल्लेख खाली बारीक अक्षरांत आला. ऑगस्ट १९२० मध्ये मेमी स्मिथ यांनी ओके कंपनीसाठी गायलेल्या ब्लूजच्या (कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या एका गीतप्रकाराच्या) तबकडीला प्रचंड मागणी आली. त्यानंतर कंपन्यांनी कृष्णवर्णीय ग्राहकांसाठी ‘रेस रेकॉर्ड्स’ नावाच्या स्वतंत्र मालिका काढल्या. परंतु त्या मालिकांचा नफा कलावंतांपर्यंत क्वचितच पोहोचला. ब्लूज गायिका बेसी स्मिथ यांच्या तबकड्या भरघोस खपूनही कोलंबियाकडून त्यांना तुकड्यामागे ठरलेली रक्कमच मिळत असे, विक्रीतील वाटा नव्हे. अशा इतिहासात वादकांची यादी छापणे हे संकलकाचे किमान कर्तव्य ठरते, आणि ज्याने ते टाळले त्याने उतरवणीतही काटकसर केली असण्याची शक्यता मोठी असते.

तारीख पाहण्याचे आणखी एक व्यावहारिक कारण आहे. पुष्कळ कलावंतांनी आपल्या गाजलेल्या चिजा उतारवयात पुन्हा ध्वनिमुद्रित केल्या. ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग यांनी १९५६-५७ मध्ये डेक्का कंपनीसाठी आपल्या तरुणपणीच्या कितीतरी रचना नव्याने वाजवल्या आणि वाद्यवृंदप्रमुख ड्यूक एलिंग्टन तर आपल्या रचना सतत नव्याने बांधत राहिले. ही वादने कमी प्रतीची नाहीत. पण ज्याला १९२७ चा आर्मस्ट्राँग हवा आहे त्याच्या पदरात तीस वर्षांनंतरचा पडला, तर ती फसगतच होय.

वेष्टणावर ‘इलेक्ट्रॉनिक पद्धतीने स्टिरिओ केलेले’ अशा अर्थाचे शब्द दिसले तर सावध व्हावे. स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या १९५८ च्या सुमारास. त्याआधीच्या एकमार्गी ध्वनीचे १९६० च्या दशकात कंपन्यांनी कृत्रिमरीत्या दोन भाग केले, एका बाजूला खर्ज आणि दुसऱ्या बाजूला तार स्वर ढकलले, वर थोडी घुमक मिसळली, आणि चांगल्या वादनाला न्हाणीघरात कोंडून ठेवले. अशा प्रतीपेक्षा साधी ‘मोनो’, म्हणजे एकमार्गी, प्रत शंभर पटींनी बरी. त्यानंतर तुकडे मोजावेत. एका बाजूवर सहा किंवा सात तुकडे, म्हणजे वीस-बावीस मिनिटे, हे प्रमाण योग्य आहे. दहा-दहा तुकडे कोंबले असतील तर खाचा जवळजवळ आणि उथळ कापाव्या लागतात, आवाज क्षीण होतो आणि त्या मानाने खरखर वाढते. भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षांनी संपतो आणि युरोपातही ही जुनी ध्वनिमुद्रणे केव्हाच मुक्त झाली आहेत. त्यामुळे कोणीही एखाद्या जुन्या सीडीवरून नवी तबकडी छापू शकतो, आणि छापतोही. उतरवणी करणाऱ्याचे नाव दिले असेल तर ती जमेची बाजू मानावी. इंग्लंडचे जॉन आर. टी. डेव्हिस यांच्यासारख्या जाणकाराचे नाव दिसले तर फार विचार करू नये.

जुनी, वापरलेली प्रत चोर बाजारात किंवा अन्यत्र मिळाली तर ती दिव्याखाली तिरकी धरून पाहावी. नखाला न लागणारे केसासारखे ओरखडे चालतात. नखाला लागणारा ओरखडा प्रत्येक फेऱ्याला टक् करणार हे नक्की. मधल्या छिद्राभोवतीच्या कागदावर उमटलेल्या चमकदार रेषा पाहण्यास विसरू नये, कारण तबकडी कितीदा खुंटीवर चढली याची साक्ष त्या देतात.

वाजवताना नेहमीची लाँग प्लेची सुई आणि मिनिटाला तेहेतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे हाच वेग ठेवावा. मूळ वादन ७८ वेगाच्या तबकडीवरचे होते म्हणून येथे काही बदलायचे नसते. मात्र घरात खरोखरीची लाखेची तबकडी असेल तर तिच्यावर ही सुई कधीही टेकवू नये, कारण त्या खाचा कितीतरी रुंद असतात आणि त्यांना सुमारे चौपट जाड टोकाची सुई लागते. प्रवर्धकावर (अँप्लिफायरवर) ‘मोनो’ची कळ असल्यास ती दाबावी. एकमार्गी ध्वनी सुईच्या आडव्या हालचालीत असतो, तर धूळ आणि झीज तिला वरखालीही हलवतात. दोन्ही बाजू एकत्र केल्या की या वरखाली हालचालीचा गोंगाट परस्पर कटतो आणि खरखर लक्षणीयरीत्या कमी होते. यासाठी एक पैसाही खर्च होत नाही, तरीही बहुतेक जण ही कळ वापरत नाहीत.

कोकणात, गोव्यात आणि मुंबईत पावसाळा हा तबकड्यांचा खरा शत्रू आहे. तबकड्या उभ्या ठेवाव्यात, आतले कागदी पाकीट बदलून गुळगुळीत अस्तराचे घ्यावे आणि कपाटात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. बुरशीचे पांढरे ठिपके दिसल्यास ऊर्ध्वपातित पाण्यात सौम्य साबणाचे एक-दोन थेंब टाकून, मऊ कापडाने खाचांच्या दिशेने पुसावे आणि कागद भिजू देऊ नये. अल्कोहोल असलेला द्राव विनाइलला चालतो. लाखेच्या तबकडीला मात्र नाही, कारण लाख त्यात विरघळते. ही लाख बव्हंशी भारतातूनच, छोटा नागपूरच्या जंगलांतून अमेरिकेत जात असे, हे ऐकताना लक्षात असलेले बरे.

आता ऐकण्याविषयी. पूर्ण बाजू पार्श्वभूमीला लावून ठेवल्यास सगळे तुकडे सारखेच वाटतात. म्हणून पहिल्या दिवशी एकच तुकडा निवडावा आणि तो चार वेळा ऐकावा. माझ्या मते सुरुवात आर्मस्ट्राँग यांच्या ‘वेस्ट एंड ब्लूज’पासून करावी. तो २८ जून १९२८ रोजी शिकागोत मुद्रित झाला आणि चांगल्या संकलनात तो हमखास सापडतो. आरंभी आर्मस्ट्राँग एकटेच ट्रम्पेट वाजवतात. ठेका नाही, साथ नाही, सुमारे बारा सेकंदांची चढती-उतरती मुक्त तान आहे. त्यानंतर ब्लूजचे आवर्तन सुरू होते. चार-चार मात्रांचे बारा खंड, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रा, हाताने मोजाव्यात. ज्यांचा कान तालाच्या आवर्तनाला सरावलेला आहे त्यांना दुसऱ्या फेरीतच पुढची सम आधीच जाणवू लागते. अशी पाच आवर्तने आहेत. पहिल्यात ट्रम्पेट, दुसऱ्यात फ्रेड रॉबिन्सन यांचा ट्रॉम्बोन, तिसऱ्यात क्लॅरिनेट आणि त्याला निरर्थक अक्षरांनी उत्तर देणारा आर्मस्ट्राँग यांचा मवाळ आवाज, चौथ्यात अर्ल हाइन्स यांचा पियानो. पाचव्यात आर्मस्ट्राँग एकच तार स्वर जवळजवळ चार खंड धरून ठेवतात. दुसऱ्यांदा ऐकताना फक्त पियानोकडे, तिसऱ्यांदा फक्त ठेक्याकडे लक्ष द्यावे. उतरवणीची परीक्षाही येथेच होते: हाइन्स यांचे स्वर गोधडीखालून आल्यासारखे वाटले, तर खरखर काढण्याच्या नादात संगीतही गाळले गेले आहे असे समजावे. थोडी खरखर शिल्लक असणे हे प्रामाणिकपणाचे लक्षण होय.

तीन मिनिटांच्या मर्यादेचा जाच आपल्याकडील गवयांनाही झाला. मिरजेचे अब्दुल करीम खाँ यांना तासभर फुलणारा राग त्याच मापात बसवावा लागला. त्या मापात किती मावते हे पाहण्यासाठी सॅक्सोफोनवादक कोलमन हॉकिन्स यांचे ११ ऑक्टोबर १९३९ चे ‘बॉडी अँड सोल’ हा दुसरा धडा म्हणून घ्यावा, कारण मूळ चाल थोडीशी दाखवून ते ती लगेच सोडतात आणि उरलेला सगळा वेळ त्या चालीच्या स्वरसंगतीवर नवे बांधकाम करतात. पुढे तारखांत मोठी फट दिसेल. १ ऑगस्ट १९४२ पासून अमेरिकेतील वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बंदी घातली आणि ती पूर्णपणे उठण्यास नोव्हेंबर १९४४ उजाडला. नेमक्या त्याच काळात बीबॉप ही जॅझची नवी शैली आकार घेत होती, म्हणून त्या शैलीतील चार्ली पार्कर यांचे नोव्हेंबर १९४५ चे वादन आकाशातून पडल्यासारखे भासते.

हाती आलेले संकलन आर्मस्ट्राँग यांचे असेल, तर त्यात मे १९२६ मधील अर्स्किन टेट यांच्या वाद्यवृंदाचे तुकडे आहेत का हेही पाहावे. त्यांत पियानोवर टेडी वेदरफोर्ड आहेत. पुढे हेच वेदरफोर्ड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवत असत, आणि १९४५ मध्ये कोलकात्यात त्यांचे निधन झाले.